शहाऐंशीवर अडलेला काटा

आमच्या दुकानाच्या शेजारी कापसाच्या व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. कापसाची गाठोडी, मिरचीची पोती आणि मी, असे तिघेही त्याच काट्यावर चढत आलो आहोत. मी चढलो की व्यापारी मान वर न करता ओरडायचा, "शहाऐंशी!" आणि म्हसावदच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या साऱ्या गावाला माझं वजन कळायचं. मी त्याला म्हणायचो, "अरे बाबा, शेतकऱ्याच्या कापसाच्या वजनातून कट्टी कापतोस ना? मग माझ्यातून पण दोन किलो कट्टी धर की." तो हसायचा. मला हसू यायचं नाही.

मी मोटार रिवायंडिंगचं काम करतो. विहिरीत, बोअरमध्ये जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावायचं आणि मोटार परत पाठवायची. सगळं काम बसून. पंचवीस वर्षं एका लाकडी पाटावर बसून मी गावाला पाणी पाजलं आणि स्वतःचं पोट वाढवलं. त्या पोटाचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आमच्याकडे पोट सुटलेल्या माणसाकडे बघून लोक म्हणतात, चांगला खाऊनपिऊन सुखी आहे. पण बायकोच्या दोन्ही किडन्या बसल्या आणि ते सुख आडवं आलं.

आठवड्यातून दोनदा मी तिला डायलिसिससाठी शहाद्याला नेतो. चार तास ती मशीनला, मी बाहेर बाकावर. किडनी बदलली तर बरं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून आम्ही सूरतला गेलो. तिच्या भावाला साखर, म्हणून तो बाद. मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. तो तयार होता, पण तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं परत तो विषय काढला नाही. राहिलो मी. रक्तगट जुळला. मला इतका आनंद झाला होता की दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी अनोळखी माणसाला चहा पाजला.

पुढच्या तपासणीला ती रक्त द्यायला आत गेली तेव्हा सूरतच्या डॉक्टरांनी मला समोर बसवलं. वजन शहाण्णव. ते गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले, "काका, ऐंशीच्या खाली या. इतकी चरबी असेल तर ऑपरेशन तुम्हालाच जड जाईल. आणि नंतर तुम्हाला एकाच किडनीवर सगळं आयुष्य काढायचंय. त्या एका किडनीवर बोजा नको." मी म्हटलं, येतो. सोळा किलो म्हणजे काय, सिमेंटच्या पोत्याचा तिसरा हिस्सा. उतरवून टाकू. बाहेर आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं, "मन्हं वजन जास्ती शे म्हने. कमी करनं पडी, मंग किडनी देता यी."

ती म्हणाली, "तुमनं पोट काय माहेरनं गाठोडं शे का, उतारं नी ठी दिधं?"

दुसऱ्या दिवसापासून मी चालायला लागलो. सोबतीला बाजारपेठेतला शिंपी चाचा. त्याचं तीन पिढ्यांचं दुकान इथंच. माणूस काडीसारखा, खातो मात्र माझ्या दुप्पट. ते बघून जीव जळायचा. अंधार असतानाच आम्ही निघायचो, उसाच्या मळ्यांमधल्या रस्त्यानं पार नाल्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. सुरुवातीला मला इतका दम लागायचा की चाचा थांबून विडी पेटवायचा आणि ती संपेपर्यंत मी येऊन पोचायचो. मग हळूहळू मीच त्याला मागं टाकायला लागलो. पहिल्या काही महिन्यांत वजन भराभरा उतरलं. चाचानं माझ्या पँटी तीनदा आत घेतल्या. पहिल्या वेळी पैसे घेतले, दुसऱ्या वेळी म्हणाला, "अब तेरे से क्या लेना, तू तो भाभी के वास्ते पतला हो रहा है." मी गडबडीनं दुसऱ्याच विषयावर बोलायला लागलो.

आणि शहाऐंशीला काटा अडला.

एक आठवडा अडला, मी काही मनावर घेतलं नाही. दोन आठवडे अडला, तेव्हा काटाच बिघडलाय असं म्हणून व्यापाऱ्याशी भांडलो. त्यानं तेलाचा पंधरा किलोचा डबा ठेवून दाखवला, डबा बरोबर भरला. महिना गेला. मी नाल्याच्या पुढे टेकडीपर्यंत जायला लागलो. दोरीवरच्या उड्या सुरू केल्या, तर शेजारच्या घरातली भांडी वाजायला लागली. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, रात्री भिजवलेली मेथी. कोणी म्हणालं ओवा, खाल्ला ओवा. कोणी म्हणालं संध्याकाळी जेवू नका, तर अर्धी भाकरी आणि पेलाभर ताकावर निजायला लागलो. गाढवासारखा राबत होतो मी, आणि काटा शहाऐंशीच्या खाली यायला तयार नव्हता. एकदा तर शहाऐंशीवर चारशे ग्रॅम दाखवले. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकावर विनाकारण डाफरलो. नंतर मला वाईट वाटलं, पण मोटार काही मी त्याला लवकर दिली नाही.

मला घाई होती. बायकोच्या हाताला नस जोडून डायलिसिसची जागा केलेली असते, तिथं हात सुजायला लागला होता. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, ही नस फार दिवस चालेल असं वाटत नाही. मशीनवरून उतरली की ती भिंतीला धरून चालायची. मी बाकावरून उठून पुढं झालो की हात झटकायची. "मी काय म्हतारी शे का?" आणि मग गाडीत बसल्यावर मान टाकून झोपायची. मी गाडी चालवताना तिच्याकडे बघायचो आणि माझं पोट स्टिअरिंगला लागायचं. त्या पोटाचा मला असा राग यायचा की काय सांगू.

शेवटी शहाद्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी थायरॉइड तपासलं. ते बरोबर निघालं. "खाता काय?" मी बायकोकडे बघितलं, कारण माझं खाणं तिच्याच हातात. ती शांतपणे म्हणाली, "सकाळी ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण. दुपारी एक पोळी, पालेभाजी. संध्याकाळी अर्धी भाकरी नि ताक." दवाखान्यात ती नेहमी शाळेतल्यासारखं बोलते. डॉक्टर म्हणाले, "यापेक्षा कमी काय खाणार माणूस? शरीर कधीकधी असं अडतं. धीर धरा." धीर धरा! माझ्याजवळ बाकी सगळं होतं, तेवढंच नव्हतं.

खरं तर तिचं जेवण वेगळं शिजायचं. तिला मीठ कमी, पाणी मोजून, भाज्या उकळून पाणी टाकून दिलेल्या. तसल्या बेचव ताटावर बसून ती माझं ताट वाढायची, आणि मी म्हणायचो, काय चव आहे गं तुझ्या हाताला, बिनतेलाचं असूनही भाजी किती दाट लागते. ताकाचं तर मी चाचासमोर कौतुक केलं होतं. "एक पेला प्यायलो की सकाळपर्यंत भूक नाही लागत." चाचा म्हणाला, "ऐसा छाछ मेरे घर में भी बोल दे बनाने को."

असं चाललेलं असताना श्रावण आला. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. खानदेशातला माणूस दिवाळीला एक वेळ गावी जाणार नाही, कानबाईला जातो. आमची कानबाई कळसाडीला मोठ्या भावाच्या घरी. नारळाला दागिने, नथ, साडी लेववून आईला बसवायचं, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. आणि त्याच्याबरोबर रोट. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, तेच दळायचे, त्याच पिठाचे जाडजूड रोट करायचे आणि घरच्यांनीच संपवायचे. परक्याला द्यायचे नाहीत, लग्न झालेल्या मुलीलाही नाहीत, टाकायचे तर नाहीच नाही. पुनवेच्या आत संपले पाहिजेत. तोवर घरात दुसरं काही शिजत नाही. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, थोडी खीर.

मी धास्तावलो होतो. गव्हाचे रोट, गुळाची खीर! चाचा म्हणाला, "चार दिन की बात है, मना कर दे." मना कसं करणार? माझ्या नावाची मूठ काढलेली. ती मी खाल्ली नाही तर कोणी खायची? मोठी वहिनी तर आधीच म्हणाली होती, "भाऊजी, डॉक्टर सूरतना शे, कानबाई आठली शे." मी मनात म्हटलं, होऊ दे, दोन किलो वाढतील, पुढच्या महिन्यात उतरवू.

बायकोला यंदा काही काम करू दिलं नाही. ती ओसरीवर खाटेवर बसून पुतण्यांच्या बायकांना ओरडत होती, "पीठ चांगलं तिंबा, भेगा पडी ऱ्हायन्यात." डायलिसिसच्या दिवशी मी तिला तिथूनच शहाद्याला नेऊन आणलं. चार दिवस मी पंगतीला बसलो. माझ्या हिश्शाला येईल तेवढा रोट. परत मागायची सोय नाही, कारण पुतणे बसलेले, आणि त्या वयातली पोरं पंगतीला बसली की आपला नंबर येईपर्यंत परातीत तळ दिसतो. रोट खाल्ला, गंगाफळ खाल्लं, खीर चाटली. चालायला मात्र एक दिवसही गेलो नाही. गाणी म्हणणाऱ्या बायका पहाटेपर्यंत झोपूच देत नव्हत्या.

म्हसावदला परतलो आणि दुकान उघडायच्या आधी काट्यावर चढलो. डोळे मिटून चढलो. व्यापारी ओरडला, "साडेचौऱ्याऐंशी!"

मी उतरून परत चढलो. साडेचौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा चढायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "उतर आता, मिरची मोजायची आहे."

मी धावत घरी गेलो. खरंच धावत, भर बाजारातून. बायको दारात तांदूळ निवडत होती. "दीड किलो उतरनं!" मी ओरडलो. "रोट खाईसन उतरनं! कानबाईनी कृपा!" ती म्हणाली, "हां, बरं झायं." आणि परत तांदळात बोटं घातली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, थकली असेल.

पुढच्या तीन आठवड्यांत मी परत शहाऐंशीवर. रोज टेकडीपर्यंत चालून, अर्धी भाकरी आणि ताकावर राहून, शहाऐंशी.

मग माझं डोकं कामाच्या पद्धतीनं चालायला लागलं. मोटार चांगली फिरतेय, करंट बरोबर घेतेय, आणि वर पाणी येत नाही, तर मोटार उघडत बसायचं नसतं. आम्ही पाइप बघतो. कुठंतरी गळत असतं. मी चालतोय, थायरॉइड बरोबर आहे, काटा बरोबर आहे. बदललं काय होतं त्या चार दिवसांत? चालणं बंद होतं, तरी उतरलं. गोड खाल्लं, तरी उतरलं. एकच गोष्ट बदलली होती. चार दिवस मी बायकोच्या हातचं जेवलो नव्हतो.

हे डोक्यात आलं आणि मी स्वतःवरच चिडलो. काय हे मनात आणतोस, लाज वाटू दे, ती बिचारी उभी राहू शकत नाही आणि तुझ्यासाठी रांधते. मी ते झटकून टाकलं. पण एकदा आलेला विचार जातो थोडाच.

दोन दिवसांनी पहाटे नाल्यापर्यंत पोचायच्या आधीच चाचाची चप्पल तुटली. चिखल होता, अनवाणी चालवेना. अर्ध्यातूनच परत आलो. घरात लाइट लागलेली. मी मागच्या दारानं आलो, पाय धुवायला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

ती ओट्याशी उभी होती. एका हातानं ओटा धरला होता, कारण त्या दिवशी तिचं डायलिसिस होतं आणि डायलिसिसच्या आदल्या रात्रीपासून तिचे पाय जड होतात. ज्वारीच्या पिठात तिनं लोण्याचा गोळा टाकला, चांगला लिंबाएवढा, आणि दुसऱ्या हातानं मळायला लागली. वरणाच्या पातेल्यात दाण्याचा कूट टाकला. एक वाटी, मग थोडा विचार करून अजून अर्धी. मग फ्रिजमधून सायीचं भांडं काढलं आणि सगळी साय माझ्या ताकाच्या बरणीत घालून रवीनं घुसळली. वर आलेलं लोणी काढलं नाही, पुन्हा पुन्हा फिरवून आतच जिरवलं. हे सगळं ती इतक्या सवयीनं करत होती की तिला बघायचीही गरज नव्हती.

मी पाय न धुताच आत गेलो. "काय चाली ऱ्हायनं हाई?"

ती दचकली नाही. रवी बाजूला ठेवली. "लोनी शे. दखाई ऱ्हायनं ना?"

"कवयपासून?"

"सूरतथून उनूत, तवयपासून. पहिले थोडं थोडं टाकत व्हतू. तरी तुम्ही उतरतच चालनात, मंग वाढाडं."

मला असा राग आला की मी ओरडलोच. सगळी गल्ली जागी झाली असेल. मी पहाटे अंधारात कुत्री अंगावर घेत चालतोय, मेथ्या चावतोय, दोरीवर उड्या मारतोय, गावात हसं करून घेतोय, आणि तू! तू मला लोणी चारतेस? कोणासाठी करतोय मी हे? तुला समजतं का तुझा हात सुजलाय? नस बंद पडली तर काय करणार आहेस? वेड लागलंय का तुला?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पिठाचे हात पुसले आणि पाटावर बसली. बसावंच लागलं तिला.

"व्हयनं तुमनं बोलनं? आते मन्हं आयका. तुम्ही ठरायं, सूरतना डॉक्टरनी ठरायं, तुमना मोठा भाऊनी हां म्हनं. माले कोनी इचारं? तू घेशी का, असं एक मानूसनी तरी इचारं का? मी काय मोटार शे, एकना पार्ट काढा नी दुसरीमा बसाडा?"

मी मागचं दार लोटून घेतलं.

"पोऱ्यानं शिक्षन बाकी शे. तुमनं पोट फाडं, काही कमीजास्ती व्हयनं, दोन्हीबी आडवा पडनूत, ते त्याना मांगे कोन उभं ऱ्हाई? जी पडेल शे, तिले पडू द्या. जो उभा शे, त्याले कसाले पाडतस?" आणि मग, अगदी हळू, "वजन उतरनं नही ते डॉक्टरच नही म्हनी. कोनाले वाईट वाटाव नही. तुमलेबी नही, मालेबी नही."

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. राग कुठं गेला कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका मोठा कट ही बाई एकटीनं रचू शकते हे मला ठाऊक नव्हतं. तिचं बरोबर होतं. मी सूरतच्या कँटीनमध्ये अनोळखी माणसाला चहा पाजला, तिला विचारलं नव्हतं. माझा जीव, मी देतोय, यात विचारायचं काय, असंच मी धरून चाललो होतो.

मी म्हणालो, "ते मंग आते इचारस. घेशी का मन्ही किडनी?"

तिनं पिठाची परात पुढं ओढली. "इचार करू द्या."

"तुले दखाले उनतूत, तवयबी तुन्हा बापनी असंच सांगं व्हतं. इचार करूत. आठ दिवस माले झोप नही व्हती."

तेव्हा ती हसली. रडत होती आणि हसत होती. मी पण तेच करत होतो. बाहेर दूधवाल्यानं हाक मारली, ती आम्ही दोघांनीही ऐकून सोडून दिली.

ते लोण्याचं पीठ मी शेजारच्यांच्या म्हशीला घातलं. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः मुगाचं वरण शिजवायला लागलो. भाकरी मला जमेना, नकाशा व्हायची. ती पाटावर बसून सांगायची, "पानी जास्ती व्हयनं. मोटारले वार्निश लावतस का भाकरीले?" चार दिवस तिनं माझा हा तमाशा बघितला आणि मग म्हणाली, "सरका. फसाडाव नही आते." आणि खरंच फसवलं नाही. साय काढलेलं पाण्यासारखं ताक पहिल्यांदा प्यायलो, तेव्हा मला कळलं की इतके दिवस आपण काय पीत होतो. रात्री भुकेनं पोट ओरडायचं. तिला ऐकू यायचं. "उठा, शेंगा देस चार," म्हणायची. मी म्हणायचो, नको. ती परत आग्रह करायची नाही. पण माझ्या प्रश्नाचं उत्तरही तिनं दिलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. वजन किती आहे हे ती विचारायची नाही, मी सांगायचो नाही. काट्यावर चढताना मी व्यापाऱ्याला म्हटलं, आता ओरडू नकोस, कानात सांग.

ऊस तोडणीला आला. नंदुरबारकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथाऱ्या लाल दिसायला लागल्या. चाचानं माझ्या पँटी चौथ्यांदा आत घेतल्या आणि म्हणाला, आता यात कापडच उरलं नाही, नवी शिवून घे. बायकोचा हात तेवढाच सुजलेला होता. नस चालू होती, पण कधीकधी सुई टोचताना नर्स दोनदा तीनदा प्रयत्न करायची. मी बाहेर बाकावर बसून ते ऐकायचो आणि जिभेवर आलेला तो प्रश्न गिळायचो.

एके दिवशी मशीनवरून उतरल्यावर तिनं डॉक्टरांना थांबवलं. मी मागं उभा होतो. ती त्यांना म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मला एक विचारायचंय. यांनी किडनी दिली तर यांना काय होईल?"

डॉक्टर बसले. म्हणाले, "धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन आहे. पण यांना पूर्ण तपासून, पारखूनच घेतील. एक किडनी नीट काम करत असेल तर माणूस त्याच्यावर चांगला जगतो. म्हणून तर वजन उतरवायला सांगितलं."

"म्हणजे?"

"जाड माणसाला ऑपरेशनचा त्रास जास्त. आणि पुढं साखर, बीपी वाढलं तर राहिलेल्या किडनीवर बोजा. वजन यांच्यासाठी उतरवायचं होतं ताई. तुम्हाला काय, किडनी मिळाल्याशी मतलब."

तिनं वळून माझ्या पोटाकडे बघितलं. तिला आजवर वाटत होतं, की जाड माणसाची किडनी तिच्या उपयोगाची नाही, म्हणून वजन. मी पण सूरतला तेवढंच सांगितलं होतं, वजन कमी केल्याशिवाय देता येणार नाही. कोणासाठी, हे सांगितलंच नव्हतं. ज्याला वाचवायला ती पहाटे उठून पिठात लोणी मळत होती, त्याच्याच पुढं उरणाऱ्या किडनीवर ते चढत होतं.

गाडीत बसल्यावर ती नेहमीसारखी झोपली नाही. शहादा मागं पडलं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं मी हळूहळू चालवत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आते कितलं भरस तुमनं?"

"एकोणऐंशी."

"कवयपासून?"

"दिवाळीपासून."

"सांगं नही."

"तू इचारं नही."

तिनं पर्समधून मोबाइल काढला. सूरतच्या दवाखान्यात तारखा देणाऱ्या बाईंचा नंबर तिच्याकडे होता, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, घरी गेल्यावर मी लावतो. तिनं हातानं गप्प बसायची खूण केली. पलीकडून कोणीतरी उचललं. हिंदी तिला धड येत नाही, गुजराती तर बाजारापुरती. पण ती ताठ बसली आणि मोठ्यानं बोलायला लागली, दूरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोलतात तशी.

"हॅलो, मैं म्हसावद से पेशंट बोल रही. हां, वो किडनी वाले. नहीं, नहीं, उनको मत दो फोन, मेरे से बात करो."

मला समोरचा ट्रॅक्टर नीट दिसेना. मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"मेरे मिस्टर तो कब से तैयार हैं," ती म्हणाली. "अब मैं भी तैयार है. तारीख बोलो."